मागची चाकं उलटी फिरली, म्हणून डिफरन्शियल साधा ठरत नाही

प्रश्न असा आला आहे: "काका, आमचं शेत राधानगरीच्या वरच्या अंगाला, डोंगरकडेला आहे. पावसाळ्यात शेवटचा अर्धा किलोमीटर नुसता लाल चिखलाचा चढ. त्यासाठी २०१७ ची जुनी डिझेल थार बघितली आहे. मालक म्हणतो, मागच्या एक्सलला एलएसडी आहे, आणि त्याचे वेगळे पैसे धरतोय. मी गाडी एका गॅरेजात दाखवली. त्यांनी मागची बाजू उचलली, एक चाक हातानं फिरवलं, तर दुसरं उलट्या दिशेनं फिरलं. ते म्हणाले, हा साधा डिफरन्शियल आहे, मालक फसवतोय. कोणाचं खरं धरू?"

भावा, आधी शब्द समजून घे. डिफरन्शियल म्हणजे एक्सलच्या मधली गिअरांची पेटी, ती दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देते; एलएसडी, म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, हा त्या वेगातला फरक आवरणारा. आता तुझा प्रश्न: दोघंही प्रामाणिक असू शकतात. मालकानं वापरलेलं नाव चुकलेलं असेल आणि गॅरेजवाल्याची चाचणी अपुरी पडली असेल. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस वर्षं मी एक्सल आणि गिअरबॉक्सचंच काम करतोय, आणि हा घोटाळा दर पावसाळ्याच्या तोंडावर किमान दोन-तीनदा माझ्या दारात येतो. चाक फिरवून दिशा बघणं वाईट नाही, मीही सुरुवात तिथूनच करतो. पण त्या एका चाचणीवर गाडीचा निकाल लावता येत नाही, आणि तुझ्या गाडीच्या बाबतीत तर मुळीच नाही. का ते सांगतो.

घरी ट्रॅक्टर असेलच. उजव्या टाचेजवळ डिफ-लॉकचं पेडल असतं ते आठव. उसाच्या फडातून भरलेली ट्रॉली ओढताना एक चाक गाळात बसतं आणि जागेवर भिरभिरायला लागतं, दुसरं कोरड्या बांधावर असूनही ढिम्म. पेडल दाबलं की दोन्ही चाकं एकमेकांना जखडली जातात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. पेडल न दाबता जी अवस्था असते, तो साधा, म्हणजे ओपन डिफरन्शियल. तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. सारखाच म्हणजे काय, तर ज्या चाकाची पकड कमी, त्याला जेवढा जोर झेपतो तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. गाळातल्या चाकाला काहीच झेपत नाही, म्हणून बांधावरच्या चाकालाही काही मिळत नाही.

फिरण्याचा हिशेबही ध्यानात ठेव, पुढच्या सगळ्या चाचण्या त्यावरच उभ्या आहेत. दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची बेरीज ही क्राऊनच्या, म्हणजे डिफरन्शियलचा डबा फिरवणाऱ्या मोठ्या गिअरच्या, फेऱ्यांच्या दुप्पट असते. वळणावर क्राऊन १०० फेरे फिरला आणि आतलं चाक ९० फिरलं, तर बाहेरचं ११० फिरणार. आता क्राऊनच जागेवर धरून ठेवला तर बेरीज शून्य व्हायला हवी, म्हणून एक चाक पुढं एक फेरा गेलं की दुसरं मागं एक फेरा येणार. गॅरेजात तुला जी उलटी दिशा दिसली, ती एवढीच गोष्ट. न्यूट्रलमध्ये क्राऊन कोणी धरलेला नसतो. पण प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलपर्यंत येणारा दांडा) आणि गिअरबॉक्स फिरवायला जास्त जोर लागतो, डिफरन्शियलच्या आतले लहान स्टार गिअर फिरवायला कमी, म्हणून सोपी वाट निवडून दुसरं चाक उलटं जातं. दुसऱ्या चाकाचा ब्रेक जरा घासत असला तर ते उलटंही जात नाही आणि सुलटंही नाही, उभंच राहतं, आणि शाफ्ट फिरायला लागतो. असं झालं की "याचा काही अर्थच लागत नाही" म्हणून पोरं चाक सोडून देतात. ब्रेक मोकळा करा, अर्थ लागतो.

म्हणून मी ही चाचणी दोनदा करतो, एकदा न्यूट्रलमध्ये आणि एकदा गिअरमध्ये. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, मागचा एक्सल दोन घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), दोन्ही मागची चाकं अधांतरी, इंजिन बंद, चावी खिशात. हँडब्रेक सोडलेला, कारण तो मागच्या चाकांवरच असतो. फोर बाय फोरची दांडी टू-एचवर, म्हणजे फक्त मागच्या चाकांना जोर. दांडी चुकून फोरमध्ये राहिली तर शाफ्ट जमिनीवरच्या पुढच्या चाकांना बांधला जातो. मग आपण न्यूट्रलची चाचणी समजून गिअरमधली चाचणी करत बसतो. ऑटोमॅटिक गाडीत 'एन' म्हणजे न्यूट्रलची चाचणी आणि 'पी' म्हणजे शाफ्ट जखडलेला, गिअरमधली चाचणी. फार जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागच्या (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या पेटीमागच्या) शाफ्टवर असतो. तिथं हँडब्रेक ओढला की शाफ्ट आपोआप जखडतो.

न्यूट्रलमध्ये एक चाक फिरवल्यावर दुसरं त्याच दिशेनं आलं, तर आत काहीतरी बांधणारं असण्याची शक्यता मोठी. मग गाडी गिअरमध्ये टाकायची आणि पुन्हा फिरवून बघायचं. क्लचवाला एलएसडी चांगल्या स्थितीत असेल तर चाक हातानं हलत नाही, दोन हातांनी टायर धरून अंग टाकलं तरच जड, घट्ट, सलग सरकतं. साधा असेल तर विशेष जोर न लावता फिरतं आणि दुसरं तेवढंच उलटं जातं. माझ्या मते गिअरमधली चाचणी न्यूट्रलपेक्षा कितीतरी विश्वासाची आहे, कारण त्यात गिअरबॉक्समधल्या घट्ट तेलाची लुडबूड राहत नाही. तरी बहुतेक ठिकाणी न्यूट्रलवरच थांबतात.

आता खरी अडचण. एलएसडी हे एका वस्तूचं नाव नाही, ते एका कामाचं नाव आहे: दोन चाकांच्या वेगातला फरक आवरणं. ते काम करायच्या पाच-सहा निरनिराळ्या रीती आहेत आणि प्रत्येक रीत वेगळ्या वेळी जागी होते. ही कल्पना जुनी. १९३० च्या दशकात जर्मनीच्या ऑटो युनियन कंपनीच्या ताकदवान रेसिंग गाड्यांचं वळणावरचं आतलं चाक जागेवर फिरायचं, म्हणून त्या गाड्यांचे अभियंते फर्डिनांड पोर्श यांच्या मागणीवरून जर्मनीच्याच झेडएफ या गिअर बनवणाऱ्या कंपनीनं असा डिफरन्शियल तयार केला. बाजारात विकायच्या गाडीत तो अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीनं १९५६ च्या सुमाराला आणला. तो क्लचप्लेटांचा होता, आणि हाताची चाचणी जगभर रूढ झाली ती त्याच जातीमुळे. क्लचवाल्यात स्प्रिंगांनी प्लेटा कायम दाबून धरलेल्या असतात, गाडी उभी असतानाही. म्हणून तो हाताला सापडतो.

बाकीचे सापडत नाहीत. हेलिकल गिअरचा, ज्याला सगळे टॉर्सेन म्हणतात, त्यात कायमचा दाब बहुधा नसतो किंवा नावापुरता असतो. त्याची पकड गिअरांवर जोर आल्यावरच तयार होते. हातानं फिरवताना जोर कुठला? दुसरं चाक निवांत उलटं फिरतं आणि आपण फसतो. त्याची मर्यादाही सांगून ठेवतो: तो कमी पकडीच्या चाकाला मिळणाऱ्या जोराच्या काही पट जोर दुसऱ्याला देतो, पण एक चाक पूर्ण अधांतरी झालं तर शून्याला कितीनंही गुणा, शून्यच. व्हिस्कस प्रकारात सिलिकॉनचं दाट द्रव भरलेला बंद डबा असतो. तो सावकाश फिरवला तर उलटा फिरू देतो, जोरात फिरवायला गेलं तर हाताला मधासारखा चिकट विरोध जाणवतो. बटणावरचा किंवा दांडीवरचा लॉक, जसा फोर्सच्या गुरखामध्ये पुढं-मागं दोन्हीकडं असतो, तो बंद असताना शंभर टक्के साधाच डिफरन्शियल असतो. आणि क्लचवाला असूनही प्लेटा झिजून गेलेल्या असतील तर तोही साध्यासारखाच फिरणार. म्हणजे उलट्या दिशेचा अर्थ "साधा आहे" इतका सरळ नसतो. "आत्ता, या हाताच्या जोराला, बांधलेला नाही", एवढाच तो घ्यायचा.

आता तुझ्या थारकडं. २०१५ मध्ये थारमध्ये जे बदल झाले, त्यापासून मागच्या एक्सलला ईटन कंपनीचा मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल मिळू लागला, ज्याला आपल्याकडं एमएलडी म्हणतात. २०१७ च्या गाडीत तो असू शकतो, पण प्रत्येकीत असेलच असं धरून चालू नकोस. हा काटेकोर अर्थानं एलएसडी नाही, आपोआप लागणारा लॉक आहे. मालक एलएसडी म्हणतो कारण शोरूमपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळे तेच म्हणतात.

त्याचं काम मला मनापासून आवडतं. विजेची तार नाही, पंप नाही, बटण नाही. आत छोट्या वजनांचा एक गव्हर्नर आहे, आपल्या जुन्या डिझेल इंजिनांवर असायचा त्याच तत्त्वाचा. ज्या उद्यमनगरानं आयुष्यभर डिझेल इंजिनं बनवली, तिथल्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की ती वजनं फाकतात, एका खिटीत अडकतात, त्यामुळे एक कॅम थांबतो आणि उतारावर चढून क्लचप्लेटा आवळतो. चाकं पूर्ण जखडतात. नेहमीच्या वळणावर एवढा फरक पडतच नाही, म्हणून रस्त्यावर तो साध्यासारखा वागतो. गाडीचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या पुढं गेला की दुसरं एक वजन खिटीलाच बाजूला सारतं, म्हणजे पळत्या गाडीत तो लागत नाही.

आता सांग, गॅरेजात चाक हळूहळू फिरवलं तर १०० चा फरक पडणार का? नाही. म्हणून दुसरं चाक उलटं फिरलं. एमएलडी असता तरी तेच झालं असतं, नसता तरी तेच. त्या चाचणीनं तुझ्या गाडीबद्दल काहीच सिद्ध केलं नाही.

पण त्याच उचललेल्या गाडीवर पुढची पायरी करता आली असती. गिअर टाकलेला ठेवायचा, म्हणजे क्राऊन जागेवर. आता एक चाक जोरात झटका देऊन फिरवायचं. दुसरं तेवढंच उलटं जाणार, म्हणजे दोघांतला फरक दुप्पट. त्यामुळे आपल्याला १०० फेऱ्यांचा वेग द्यावा लागत नाही, मिनिटाला ५० पुरतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम एक फेरा. धट्ट्याकट्ट्या माणसाला हे जमतं. एमएलडी असेल आणि धड असेल, तर चाक फिरता फिरता "टक्" करून थांबतं, भिंतीला धडकल्यासारखं. थोडं उलटं फिरवलं की सुटतं. टायरच्या खाचेत बोटं अडकवून फिरवायचं नाही, तळव्यानं ढकलायचं, कारण ते थांबतं तेव्हा मनगटाला हिसका बसतो. दोन-तीनदा करून बघायचं. आतलं तेल थंड आणि दाट असेल तर वजनं आळसावतात, म्हणून गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून आणून मग उचलावी. टक् झालं तर आहे म्हणून समज. नाही झालं तर अजून "नाही" म्हणू नकोस, चिखलात जायचं.

चिखलातली चाचणी हीच मला सगळ्यात पटते, कारण गाडी ज्या कामासाठी घ्यायची तेच काम करून बघणं. आणि तुझ्या गाडीत एक सोय आहे: २०१७ च्या थारला एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही, त्यामुळे ब्रेक मध्ये येऊन गोंधळ करणार नाहीत. जागा अशी बघ की एक मागचं चाक ओल्या गाळावर आणि दुसरं मुरमावर किंवा डांबराच्या कडेवर येईल, समोर दहा-पंधरा फूट मोकळं आणि आजूबाजूला कोणी नाही. पंचगंगेच्या काठची गाळपेराची वाट यासाठी उत्तम. टू-एचमध्ये, पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडून हलका ॲक्सिलरेटर. फोर-एचमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर असताना, केलंस तर पुढची चाकं गाडी ओढून नेतील आणि मागच्याबद्दल काहीच कळणार नाही.

मग गाडी काय करते ते अंगानं ऐकायचं. साधा असेल तर गाळातलं चाक फिरत राहील, ॲक्सिलरेटर वाढवला तर आणखी फिरेल, गाडी जागेवर. क्लचवाला असेल तर चाक फारसं फिरणारच नाही, गाडी जरा रेटा देत निघेल, कुठलाही ठोका नाही. एमएलडी असेल तर आधी चाक फिरेल, एखादा क्षण वाटेल की हा साधाच, आणि मग मागून "ठक्" असा स्पष्ट ठोका येऊन गाडी एका झटक्यात उडी मारल्यासारखी पुढं येईल. हा ठोका एकदा अनुभवला की माणूस विसरत नाही. जुनी माणसं घाबरतात, काहीतरी मोडलं म्हणून गाडी थांबवतात. मोडलेलं नसतं, तेच त्याचं काम. फक्त एक पथ्य: ॲक्सिलरेटर तळाला दाबून चाक भन्नाट फिरवत ठेवायचं आणि मग लॉक लागू द्यायचा, असं करू नये. तेवढ्या वेगानं एकदम जखडल्यावर एक्सल शाफ्ट पिळला जातो. हळू फिरू द्यायचं, लॉक आपोआप लागतो.

नव्या गाड्या बघणाऱ्यांसाठी इथं थोडं थांबतो. २०२३ मध्ये आलेल्या मारुतीच्या जिम्नीला कंपनी "ब्रेक एलएसडी" म्हणते. महिंद्राच्या नव्या थारमध्ये काही प्रकारांत मेकॅनिकल लॉक आहे आणि काहींत ब्रेकवर चालणारी सोय. थार रॉक्समध्ये बटणावरचा इलेक्ट्रॉनिक लॉक मिळतो. ब्रेकवाल्यात एक्सलच्या आतला डिफरन्शियल साधाच असतो. फिरणारं चाक सेन्सरला सापडतं आणि गाडी फक्त त्याच चाकाला ब्रेक लावते, म्हणून दुसऱ्याला जोर मिळतो. ट्रॅक्टरला डावा-उजवा असे दोन ब्रेक असतात ना, फिरणाऱ्या बाजूचा ब्रेक दाबून आपण ट्रॅक्टर काढतो, अगदी तेच, फक्त पाय संगणकाचा. म्हणून अशी गाडी उचलून चाक फिरवलं तर कायम साधीच दिसणार, आणि चिखलात मात्र दोन्ही चाकांचे माग उमटणार. ओळख आवाजावरून: चाक फिरायला लागलं की एबीएसच्या पंपाचा कर्र-कर्र आवाज आणि पेडलला बारीक थरथर. चाकांचे दोन माग दिसले म्हणून "आत एलएसडी आहे" हा निष्कर्ष आजकालच्या गाडीत धरूच नये. ईएसपीचं (गाडी घसरताना आपोआप सावरणाऱ्या सोयीचं) बटण बंद केलं तरी बऱ्याच गाड्यांत ही ब्रेकची सोय चालूच राहते.

आता उलट बाजूची फसवणूक, आणि ती मला जास्त चिंतेची वाटते. काही जुन्या जीपांत हौशी लोक साध्या डिफरन्शियलचे स्टार गिअर वेल्डिंग करून टाकतात. चाकं कायमची जखडली. अशी गाडी उचलून चाक फिरवलं की दुसरं झकास त्याच दिशेनं येतं, आणि विकणारा म्हणतो, बघा, एलएसडी. चिखलात ती चांगलीही चालते. पण डांबरावर वळताना आतलं टायर फरपटत जातं, रबर ओरडतं, स्टेअरिंग सरळ जाऊ बघतं, आणि पावसात घाटाच्या वळणावर मागची बाजू कधी सुटेल सांगता येत नाही. आंबा किंवा गगनबावड्याच्या घाटात अशी गाडी घेऊन जायला मी कोणालाही सांगणार नाही. ओळखायची रीत सोपी. सपाट, कोरड्या, मोकळ्या जागेत स्टेअरिंग पूर्ण वळवून सावकाश दोन गोल मारायचे. साधा आणि एमएलडी आवाज न करता फिरतात. क्लचवाला चांगला असेल तर किंचित जडपणा, तेल चुकीचं भरलं असेल तर मागून कट-कट-कट असा थरथराट. वेल्ड केलेला असेल तर टायर चिरचिरतं आणि गाडी उड्या मारत वळते.

शंका उरलीच तर मोजून बघायचं. एकच मागचं चाक उचलायचं, दुसरं जमिनीवर, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक मोकळा, ठोकळे पक्के. उचललेलं चाक काढून दोन स्टडवर भोकं पाडलेली जाड पट्टी नटांनी आवळायची, पट्टी सरळ उभी, आणि मध्यापासून १ मीटरवर लटकता काटा अडकवून आडवा ओढायचा. पट्टी उभी ठेवायची कारण आडवी धरली तर तिचं स्वतःचं वजनही मोजमापात मिसळतं. काटा ६ किलो दाखवत असताना हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) सलग सरकत असेल, तर तो सुमारे ५९ न्यूटन-मीटरचा विरोध झाला. सुटण्याच्या क्षणाचा आकडा सोडून सलग सरकतानाचा धरायचा. साध्यात हा आकडा अगदीच थोडा येतो. क्लचवाल्यात किती यावा हे त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, त्याच्याशी ताडायचं. कमी आला तर प्लेटा गेल्या. वेल्ड केलेला असेल तर पट्टी वाकेल, पण हब सरकणार नाही.

हे सगळं करताना एक गोष्ट जीव तोडून सांगतो. एकच चाक उचलून इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही. कधीही नाही. मी शिकाऊ होतो त्या गॅरेजात एका जीपच्या हबमधून आवाज येत होता. एक मागचं चाक जॅकवर घेऊन, गाडी चालू करून, दुसऱ्या गिअरमध्ये फिरवून आवाज ऐकायचा असं ठरलं. साध्या डिफरन्शियलवर हे रोज व्हायचं, म्हणून कोणाला भीती वाटली नाही. त्या जीपचा डिफरन्शियल बांधलेला होता हे कोणीच तपासलं नव्हतं. जमिनीवरच्या चाकाला जोर मिळाला, जीप जॅकवरून उतरून सरळ समोरच्या बाकावर गेली आणि माझ्यासोबत काम करणाऱ्या पोराचा पाय बाक आणि बंपरच्या मध्ये सापडला. तो पुन्हा उभं राहून काम करायला लागायला वर्ष गेलं. साधा आहे की बांधलेला हे माहीत नसेल तर तो बांधलेलाच आहे असं धरून वागायचं. म्हणूनच वरची प्रत्येक चाचणी इंजिन बंद ठेवून किंवा चारही चाकं जमिनीवर ठेवून आहे.

कागद आणि टॅग यांनीही बरंच कळतं. एक्सलच्या हौसिंगवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, एखाद्या बोल्टखाली पत्र्याची छोटी पट्टी असते, तिच्यावर रेशो आणि पार्ट नंबर कोरलेला असतो. वायर ब्रशनं चिखल काढ, खडूनं घास म्हणजे अक्षरं उठून दिसतील, फोटो काढ. गाडीचा चेसिस नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर जा. कारखान्यातून निघताना त्या नंबरच्या गाडीला मागचा कुठला एक्सल बसवला होता हे ते कॅटलॉगमध्ये बघू शकतात. पण हे कारखान्यातून निघतानाचं उत्तर झालं. नंतर कोणी अपघातात एक्सल बदलला असेल, भंगारातून दुसरा आणून घातला असेल, तर कागद एक सांगेल आणि हौसिंगमध्ये दुसरंच असेल.

आत डोकावून बघणं हा शेवटचा शब्द. त्यासाठी एक्सल खोलायची गरज नाही. तेल भरायच्या प्लगमधून मोबाईलला जोडायचा बारीक नळीचा कॅमेरा आत सोडायचा, तो कुठल्याही टूल्सच्या दुकानात मिळतो. चाक हळूहळू फिरवत राहायचं म्हणजे क्राऊनच्या डब्याची खिडकी समोर येते. साध्यामध्ये आडवी पिन आणि तिच्यावर समोरासमोर बसलेले लहान गिअर, बाकी मोकळं. क्लचवाल्यात त्या गिअरांच्या मध्ये स्प्रिंगा. टॉर्सेन जातीत आडवी पिनच नाही, तिरप्या दातांचे लांबोडे गिअर. एमएलडीमध्ये खिडकीच्या कडेला फिरणाऱ्या वजनांचा तो छोटा गव्हर्नर आणि त्याच्या समोरची खिटी दिसते. ती दिसली की वाद मिटला. प्लग उघडलाच आहे तर बोटावर तेल घेऊन बघ. चुंबकाला चिकटलेली बारीक राखेसारखी पूड चालते. टोकदार तुकडे असतील तर गव्हर्नरची खिटी किंवा गिअरचा दात गेलाय, आणि मग लॉक असूनही त्याचे पैसे द्यायचे नाहीत, उलट दुरुस्तीचे कापून घ्यायचे.

तुझ्या रस्त्याबद्दलही बोलतो, कारण तुला एलएसडी चाचणीपुरता नको आहे, चढ चढायला हवा आहे. तुमच्याकडची जांभ्याची लाल माती पावसात वरून साबणासारखी निसरडी होते, पण खाली कठीण असते. अशा चढावर गाडी तिरकी बसते, एक मागचं चाक हलकं होतं आणि तेच फिरतं. अशा जागी एमएलडी खरोखर कामाचा आहे. काळ्या मातीच्या उसाच्या वाटेवर मात्र दोन्ही मागची चाकं एकदमच रुततात, तिथं लॉक असून नसून सारखंच, टायरची नक्षी आणि हवा महत्त्वाची. म्हणजे मालक जे जास्तीचे पैसे मागतोय ते तुझ्या चढासाठी वाजवी असू शकतात, पण लॉक आहे आणि चालू आहे हे दिसल्यावरच. पुढच्या एक्सलला तसा लॉक नसतो, हेही लक्षात असू दे. फोर-एलमध्ये (चारही चाकांना जोर, पण कमी वेगाच्या गिअरमध्ये), मागचा लॉक लागलेला असतानाही पुढचं एक चाक फिरताना दिसेल, त्याला बिघाड समजू नकोस.

सोबत हेही बघ की मागची दोन्ही टायर एकाच मापाची आणि सारख्याच झिजेची आहेत. एक नवं आणि एक गुळगुळीत असेल तर चाचणीतही घोळ होतो आणि क्लचवाल्या गाडीत प्लेटा विनाकारण घासत राहतात. गाडी घेतलीस तर पहिल्याच आठवड्यात मागच्या एक्सलचं तेल बदलून टाक, आधीच्या मालकानं काय भरलंय यावर विश्वास नको. गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच भर. दुकानदार "एलएसडी आहे ना, मग हे वेगळं औषध घाला" म्हणून बाटली पुढं करेल. ती क्लचवाल्या एलएसडीसाठी असते, आणि तीही कंपनीनं सांगितली असेल तरच. एमएलडीत पुस्तकाबाहेरचं काही घालू नकोस, प्लेटा निसरड्या झाल्या तर ज्या लॉकसाठी पैसे मोजलेस तोच ढिला पडेल.

रविवारी मालकाला सांगून गाडी आण. आधी टॅगचा फोटो, मग दोन घोड्या लावून गिअरमधला झटका, मग कॅमेरा, आणि पाऊस झालेला असेल तर नदीकाठचा गाळ. अर्ध्या दिवसाचं काम आहे. ज्या गॅरेजवाल्यानं साधा म्हणून सांगितलं त्यालाही बोलावून घे, त्यालाही टक् ऐकू दे.